ट्रक ओढेल, पण पेलेल का?

प्रश्न : मी आणि माझी पत्नी नुकतेच निवृत्त झालो असून डॅलसजवळ फ्रिस्को येथे राहतो. वर्षातले चार-पाच महिने फिरतीवर घालवावेत आणि उन्हाळा कोलोरॅडोत काढावा असा आमचा बेत आहे. आमच्याकडे पाऊण टन वर्गातला, चार दरवाज्यांचा, फोर-व्हील-ड्राइव्ह डिझेल पिकअप आहे. एका विक्रेत्याकडे आम्ही राहण्याची सोय असलेला, ट्रकला जोडून ओढायचा फिफ्थ व्हील ट्रेलर पसंत केला असून थोडी अनामतही भरली आहे. माहितीपत्रकात ट्रेलरचे रिकामे वजन ११,२०० पौंड, रिकाम्या स्थितीतले पिन वेट (ट्रेलरचा ट्रकवर येणारा भार) २,०५० पौंड आणि कमाल अनुज्ञेय वजन १४,००० पौंड असे दिले आहे. आमच्या ट्रकची टोइंग कपॅसिटी, म्हणजे ओढण्याची क्षमता, १५,००० पौंड असल्यामुळे काळजीचे कारण नाही, असे विक्रेता सांगतो. येथील मराठी मंडळातले एक स्नेही मात्र ‘ड्युअली (मागे चार चाके असलेला ट्रक) घेतल्याशिवाय या भानगडीत पडू नका’ असे बजावतात. ट्रकच्या दाराजवळच्या पिवळ्या स्टिकरवर २,१५४ पौंड असा आकडा आहे, त्याचा अर्थ नीट कळत नाही. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, फ्रिस्को, टेक्सास

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा आकडा तुम्ही सर्वांत शेवटी लिहिला आहे. दाराजवळच्या पिवळ्या स्टिकरवरचे २,१५४ पौंड, म्हणजे सुमारे ९७७ किलो, हा तुमच्या ट्रकचा पेलोड आहे. चालक, प्रवासी, ट्रकमधले सामान आणि ट्रेलरचा जो भार ट्रकच्या पाठीवर येतो तो, हे सारे मिळून त्या आकड्याच्या वर जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. माहितीपत्रकातला आकडा त्या मॉडेलच्या सर्वसाधारण ट्रकचा असतो. हा आकडा मात्र तुमच्याच ट्रकचा आहे, कारण कारखान्यातून बाहेर पडताना त्यात बसवलेले डिझेल इंजिन, फोर-व्हील-ड्राइव्ह, मोठी केबिन, काचेचे छत, चामड्याची आसने असे सर्व काही धरून तो काढलेला असतो. टाकीभर इंधनही त्यात आधीच वजा झालेले असते.

ट्रक ट्रेलर ओढतो तसाच त्याचा काही भाग उचलतोही, आणि फिफ्थ व्हीलच्या बाबतीत हे उचलणेच निर्णायक ठरते. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरची जोडणी ट्रकच्या मागच्या बंपरखालच्या हिचवर, म्हणजे जोडणीच्या सांध्यावर, असते आणि त्याच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार ट्रकवर येतो. फिफ्थ व्हीलचा पुढचा उंच भाग पिकअपच्या बेडवर (मागच्या उघड्या हौद्यावर) येतो, त्याचा किंगपिन, म्हणजे खाली आलेला जाड खुंटा, बेडमध्ये बसवलेल्या हिचमध्ये अडकतो, आणि भरलेल्या ट्रेलरच्या १५ ते २५ टक्के भार त्या एका जागी येतो. हिशेबासाठी अनुभवी मंडळी २० टक्के धरतात. या जोडणीमुळे ट्रेलर वाऱ्यात किंवा शेजारून मोठा ट्रक गेल्यावर कमी हेलकावतो, आणि लांब प्रवास करणारे लोक फिफ्थ व्हील निवडतात ते प्रामुख्याने याचसाठी. त्या स्थैर्याची किंमत ट्रकच्या मागच्या ॲक्सलला मोजावी लागते.

आता तुमचाच हिशेब मांडू. ट्रेलरचे वजन किती धरायचे हा पहिला प्रश्न आहे आणि माझे उत्तर असे की माहितीपत्रकातले ११,२०० नव्हे, तर १४,००० पौंडच धरावेत. रिकामे वजन म्हणून छापलेल्या आकड्यात पाणी नसते, भांडीकुंडी नसतात, बहुतेक वेळा बॅटऱ्या नसतात, आणि विक्रेत्याने ज्यांची स्तुती केली त्या जास्तीच्या सोयींपैकी अनेक नसतात. त्या वजनाचा ट्रेलर कारखान्याच्या आवाराबाहेर कोणीही कधी ओढत नाही. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड भरते, म्हणजे ६० गॅलनांची टाकी भरली की ५०० पौंड तिथेच वाढले. प्रोपेनची दोन मोठी सिलिंडरे, त्यांतला गॅसच ६० पौंड. त्यानंतर कपडे, अंथरुणे, बाहेर बसायच्या खुर्च्या, सांडपाण्याचे पाइप, हत्यारे, आणि आपल्या घरात हटकून येणारे कुकर, मिक्सर, बिडाचा तवा, तांदळाची वीस पौंडी पिशवी व तेवढीच कणीक. चार-पाच महिने त्यात संसार मांडायचा असेल तर अडीच-तीन हजार पौंड कधी भरले हे कळतही नाही. शिवाय मोकळे कपाट दिसले की ते भरायचे, ही आपली जुनी खोड आहे.

१४,००० पौंडांचे २० टक्के म्हणजे २,८०० पौंड पिन वेट. त्यात हिचचे वजन मिळवा. ते मॉडेलप्रमाणे बदलते, पण १८० पौंड धरले तर फार चूक होणार नाही. तुम्ही उभयता मिळून ३३० पौंड आणि केबिनमधल्या व बेडमधल्या किरकोळ सामानाचे १५० पौंड धरू. बेरीज ३,४६० पौंड होते आणि स्टिकर म्हणतो २,१५४. म्हणजे ट्रकवर १,३०६ पौंड, जवळजवळ ६०० किलो, जास्तीचा भार येतो. इतकेच नव्हे, तर विक्रेत्याने दिलेले २,०५० पौंडांचे रिकामे पिन वेट जसेच्या तसे मान्य केले तरी बेरीज २,७१० होते. ट्रेलरमध्ये एक चमचाही न ठेवता तुमचा ट्रक मर्यादेच्या साडेपाचशे पौंड वर गेलेला आहे. विक्रेत्याने त्याच्याच कागदावरचे दोन आकडे स्टिकरशेजारी ठेवले असते तर त्यालाही हे दिसले असते.

मग १५,००० पौंडांची टोइंग कपॅसिटी खोटी का? ती खोटी नाही. अमेरिकेत पिकअप बनवणाऱ्या कंपन्या हा आकडा एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या मानकानुसार काढतात, आणि त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा लांब चढ कडक उन्हात, एअर कंडिशनर पूर्ण चालू ठेवून, ठराविक वेगाखाली न येता चढण्याची अट असते. तुमचे डिझेल इंजिन ती परीक्षा सहज देईल. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि ब्रेक किती ओढू शकतात, हे त्या आकड्यातून कळते. तो काढताना ट्रकमध्ये हलकी माणसे आणि किमान सामान धरलेले असते आणि मागच्या स्प्रिंगांवर नेमका किती भार येईल हा प्रश्न तुमच्या स्टिकरवर सोडून दिलेला असतो. पाऊण टनी डिझेल ट्रकांची गोची इथेच आहे. यांतल्या अनेकांचे कमाल अनुज्ञेय वजन (ट्रक आणि त्यावरचा भार मिळून) १०,००० पौंड ठेवलेले असते, आणि जड इंजिनाने त्यातला बराच वाटा आधीच खाल्लेला असतो. त्यामुळे ताकद भरपूर आणि पेलोड तुटपुंजा अशी स्थिती होते. पेट्रोलचा तसाच ट्रक ओढायला थोडा कमी, पण पेलायला काही शे पौंडांनी सरस निघतो. ‘पाऊण टन’, ‘एक टन’ ही नावे फार जुन्या काळची आहेत आणि आजच्या खऱ्या क्षमतेशी त्यांचा संबंध उरलेला नाही, त्यामुळे त्यांवरून काहीही ठरवू नका.

तुम्हाला कोणीतरी असेही सांगेल की १०,००० ही मर्यादा केवळ नोंदणीच्या वर्गासाठी लिहिलेली आहे आणि टायर व ॲक्सल पुरेसे असतील तर तिच्याकडे दुर्लक्ष करावे. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, कारण १०,००० पौंडांपाशी वाहनांचा एक वर्ग संपून दुसरा सुरू होतो आणि काही ट्रक त्या रेषेच्या आत बसावेत म्हणूनच तसा आकडा लिहिलेला असतो. परंतु तुमच्या बाबतीत हा युक्तिवादही टिकत नाही. तुमच्या ट्रकचे स्वतःचे वजन, १०,००० ची मर्यादा धरल्यास, ७,८४६ पौंड येते. त्यातले सुमारे ३,१५० मागच्या ॲक्सलवर असतील असे समजू. फिफ्थ व्हीलचा पिन मागच्या ॲक्सलच्या जवळजवळ वरच येत असल्यामुळे २,८०० आणि हिचचे १८० पौंड तिथेच बसतात, त्यावर सामानाचा व माणसांचा काही हिस्सा, म्हणजे बेरीज ६,२०० ते ६,३०० च्या घरात जाते. दाराच्या चौकटीवरच्या दुसऱ्या लेबलवर मागच्या ॲक्सलची मर्यादा लिहिलेली असते. ती जर ६,२०० च्या आसपास असेल तर तुम्ही कागदी मर्यादाच नव्हे, प्रत्यक्ष ॲक्सलची मर्यादाही ओलांडत आहात. मागे हवेच्या पिशव्या किंवा जास्तीचे स्प्रिंग बसवून घ्या, हा सल्लाही मिळेल. त्यांनी ट्रकची खचलेली शेपूट वर येते आणि हेडलाइट सरळ होतात, मात्र ॲक्सल, चाके, टायर व ब्रेक होते तेच राहतात आणि स्टिकरवरचा आकडा एका पौंडानेही बदलत नाही.

पिन वेटबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी, कारण माहितीपत्रकातून ती कधीच कळत नाही. फिफ्थ व्हीलमध्ये सामान ठेवण्याची सर्वांत मोठी जागा पुढच्या बाजूला, पिनच्या मागे लगेच असते. तिथेच जनरेटर बसवतात, तिथेच बॅटऱ्या आणि बहुधा प्रोपेन असते, आणि वरच्या शयनगृहातले कपाटही पिनच्याच अंगाला असते. त्या कपाटात कपडे धुण्याचे यंत्र बसवण्याची सोय असेल आणि तुम्ही ते बसवून घेणार असाल, तर त्याचा बहुतेक भार सरळ ट्रकवर येईल. म्हणून रिकाम्या अवस्थेत १८ टक्के असलेले पिन वेट भरल्यावर २१-२२ टक्क्यांवर गेले तर नवल वाटू देऊ नका. पाण्याची टाकी चाकांच्या पुढे आहे की मागे, हेही विक्रेत्याला विचारा. पुढे असेल तर भरलेली टाकी पिनवरचा भार वाढवील, मागे असेल तर थोडा कमी करील.

हे सारे अंदाज आहेत आणि खरे उत्तर काट्यावरच मिळते. महामार्गालगतच्या मोठ्या ट्रक-स्टॉपांवर ‘कॅट स्केल’ नावाचे वजनकाटे असतात. ही कंपनी १९७७ पासून आयोवातल्या वॉलकॉटमधून काम करते, आणि तिच्या काट्यावर खाजगी गाडीवालाही थोड्या डॉलरांत तोलून घेऊ शकतो. काट्याचे फलाट वेगवेगळे असतात. ट्रकची पुढची चाके पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर आणि ट्रेलरची चाके तिसऱ्यावर आली की तिन्ही वजने स्वतंत्र मिळतात. नंतर जवळच ट्रेलर सोडून, माणसे व सामान तसेच ठेवून, एकटा ट्रक पुन्हा तोलावा. साखर कारखान्यावर उसाची गाडी आधी भरलेली आणि मग रिकामी तोलतात, तसाच हा हिशेब आहे. ट्रेलर जोडलेला असताना ट्रकच्या दोन्ही ॲक्सलांवर आलेल्या वजनातून एकट्या ट्रकचे वजन वजा केले की खरे पिन वेट मिळते, आणि तिन्ही फलाटांच्या एकूण वजनातून एकट्या ट्रकचे वजन वजा केले की ट्रेलरचे खरे एकूण वजन मिळते. तोलताना इंधनाची टाकी भरलेली असावी, प्रवासाला निघताना असते तेवढे पाणी असावे आणि दोघेही ट्रकमध्ये बसलेले असावेत, नाहीतर निघणारा आकडा पुन्हा माहितीपत्रकासारखाच होईल.

तुम्ही अजून ट्रेलर ताब्यात घेतलेला नाही, त्यामुळे त्याआधीही एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. विक्रेत्याच्या आवारात उभ्या असलेल्या नेमक्या त्याच ट्रेलरच्या दाराजवळ सामानाच्या वजनाची कमाल मर्यादा सांगणारे एक पिवळे लेबल असते. १४,००० मधून तो आकडा वजा करा म्हणजे तो विशिष्ट ट्रेलर कारखान्यातून खरोखर किती वजनाचा निघाला हे समजेल. समजा, लेबलवर २,३५० पौंड लिहिले असतील, तर त्याचे रिकामे वजन ११,६५० झाले, माहितीपत्रकापेक्षा ४५० पौंडांनी जास्त. त्यानंतर विक्रेत्याने जे काही बसवून दिले असेल ते निराळे.

आता कोणाचे ऐकावे. विक्रेत्याचे ऐकू नका. तुमच्या स्नेह्यांचे म्हणणे दिशेने बरोबर आहे, मात्र ड्युअलीशिवाय मार्गच नाही हे मला मान्य नाही. तुमच्यापुढे खरे पर्याय तीन आहेत आणि त्यांतला पहिला, म्हणजे ट्रक हाच ठेवून छोटा फिफ्थ व्हील घेणे, मी लगेच बाजूला ठेवतो. २,१५४ मधून हिच, तुम्ही दोघे आणि किरकोळ सामान वजा केल्यावर पिनसाठी १,४९४ पौंड उरतात, म्हणजे भरलेला ट्रेलर साडेसात हजार पौंडांच्या आत हवा. एवढ्या वजनाचे फिफ्थ व्हील मिळतात, पण त्यात पाच महिने राहण्याची तुमची कल्पना बसणार नाही.

दुसरा पर्याय, ट्रक हाच ठेवून साधा ट्रॅव्हल ट्रेलर घेणे, याचा तुम्ही विचारच केलेला दिसत नाही आणि मला तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो. त्यात भारी बेड-हिच लागत नाही. भार विभागणारे हिच साधारण १०० पौंड धरले तरी जिभेवरच्या (ट्रेलरच्या पुढच्या जोडणीच्या दांड्यावरच्या) भारासाठी सुमारे १,५७० पौंड उरतात, आणि अगदी १५ टक्क्यांनी हिशेब केला तरी भरलेला ट्रेलर १०,००० पौंडांचा चालतो. ट्रकच्या मागच्या रिसीव्हरवर, म्हणजे हिच ज्या खोबणीत बसते तिच्यावर, लिहिलेली मर्यादा तेवढी आहे ना, हे मात्र पाहून घ्या. १०,००० पौंडांत दोघांसाठी पुरेसे प्रशस्त घर होते आणि ट्रक बदलण्याचा खर्च वाचतो. वाऱ्यात तो फिफ्थ व्हीलइतका निश्चल राहणार नाही, म्हणून हेलकावे आवरणारी चांगली हिच घ्या आणि तिच्यात काटकसर करू नका.

तिसरा पर्याय, तोच ट्रेलर ठेवून ट्रक बदलणे. तुम्हाला किमान ३,४६० पौंडांचा पेलोड लागतो, पण मी ३,९०० च्या खाली जाणार नाही, कारण पिन वेट २२ टक्के निघाले तर गरज ३,७४० पर्यंत जाते. एक टन वर्गातले, मागे दोनच चाके असलेले काही ट्रक एवढा भार पेलतात, विशेषतः पेट्रोलवरचे आणि कमी सजावटीचे. मात्र मॉडेलच्या नावावर न जाता नेमका तो ट्रक पाहावा. १०,००० पौंडांहून अधिक मर्यादेच्या ट्रकांना ते पिवळे स्टिकर कायद्याने बंधनकारक नाही, त्यामुळे ते तिथे नसेल तर ट्रक टाकी भरून तोलून घ्या आणि चौकटीवरच्या कमाल अनुज्ञेय वजनातून ते वजा करा. ड्युअलीत पेलोडची चिंता जवळजवळ संपते आणि मागच्या एखाद्या टायरची हवा गेली तरी गाडी सावरणे सोपे जाते, परंतु ती बहुतेक घरांच्या गॅरेजमध्ये मावत नाही आणि किराणा आणायला तीच न्यावी लागते, याचा विचार तुमच्या पत्नीशी बोलूनच करावा. बेडची लांबीही पाहा. आखूड बेडमध्ये वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेला लागू नये म्हणून सरकणारी हिच घ्यावी लागते, आणि तिचे वजन पुन्हा पेलोडमधूनच जाते.

कोलोरॅडोच्या बेतासंबंधी थोडेसे. अमरिलोहून क्लेटनमार्गे जाणार असाल तर राटन पास ७,८३४ फुटांवर आहे, आणि डेन्व्हरच्या पश्चिमेला आंतरराज्य महामार्ग ७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर. टर्बो डिझेलला विरळ हवेचा त्रास फार होत नाही. पेट्रोलचे साधे इंजिन मात्र दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के ताकद गमावते, म्हणजे त्या बोगद्यापाशी त्याच्याकडे जेमतेम दोन-तृतीयांश शक्ती उरते. चढ हळू चढला तर काही बिघडत नाही. जपायचे ते उताराला, कारण भरलेला ट्रेलर आणि ट्रक मिळून बावीस-तेवीस हजार पौंड खाली ढकलत असतात. तिथे इंजिन-ब्रेक, खालचा गिअर आणि नीट जुळवलेला ट्रेलर ब्रेक कंट्रोलर कामाला येतात. ट्रेलरचे टायर थंड असताना हवा तपासून टायरवर लिहिलेल्या दाबापर्यंत भरा. ‘ई’ भारश्रेणीचा सोळा इंची एसटी (खास ट्रेलरसाठीचा) २३५ टायर ८० पीएसआयला ३,५२० पौंड पेलतो, ६० ला तेवढे पेलत नाही, आणि महामार्गावर फुटणाऱ्या ट्रेलर-टायरांमध्ये कमी हवेचे टायर फार असतात.

ड्युअलीच्या बाबतीत परवान्याचाही प्रश्न येतो. टेक्सासमध्ये ट्रक आणि ट्रेलर यांच्या कमाल अनुज्ञेय वजनांची बेरीज २६,००१ पौंड किंवा अधिक असेल आणि ट्रेलर १०,००० पौंडांहून जड असेल, तर नेहमीचा ‘क’ (सी) वर्गाचा परवाना पुरत नाही. व्यावसायिक नसलेला ‘अ’ (ए) वर्गाचा परवाना काढावा लागतो. १४,००० पौंडांची ड्युअली आणि १४,००० पौंडांचा ट्रेलर मिळून २८,००० होतात. ११,५०० पौंडांच्या एक टनी ट्रकाबरोबर बेरीज २५,५०० येते आणि तुमचा सध्याचा परवाना चालतो. तेव्हा ट्रकची रक्कम भरण्यापूर्वीच राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाच्या कार्यालयात जाऊन खात्री करून घ्या, कारण ‘अ’ वर्गाच्या परीक्षेत गाडी चालवून दाखवावी लागते आणि त्यासाठी त्या वर्गातला ट्रक व ट्रेलर स्वतःच न्यावा लागतो.